सतराव्या बारमधली कमान

नौपाडा, ठाणे
९ जून २०२५

ती. देवयानीताईस मुकुलचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात).

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र फोडलंस, त्याबद्दल आधी आभार. सख्खी आते-मामे भावंडं आपण, पण गेली पंचेचाळीस वर्षं लग्नामुंजीत भेटतो, 'जेवलीस का', 'जेवलास का' विचारतो आणि वेगवेगळ्या पंगतीला बसतो. फोन करावा असं वाटलं होतं. पण फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडू. पत्राला तिकीट लावेपर्यंत निदान राग निवतो.

काम टिपणीस सरांचं आहे. जानेवारीत सरांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम कल्याणला होतोय आणि त्यात सरांची 'ओहोटी' तुझी विद्यार्थिनी वाजवणार, हे तुला माहीत आहेच. सरांनी पियानोसाठी पूर्ण केलेली ती एकच रचना, म्हणून त्याच दिवशी ती पुस्तिका करून छापायची असंही ठरलंय. ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी रिटायर झालोय आणि मला कॉम्प्युटर येतो असा लोकांचा समज आहे.

तर परवा टिटवाळ्याला जाऊन सरोजमावशींकडून सरांची मूळ वही आणली. भावाची वही बहिणीने डांबराच्या गोळ्या घालून जपलीय. उघडली आणि सतराव्या बारवर, उभ्या रेघांमधल्या त्या सतराव्या खणात, अडकलो. चार सूर. त्यांच्यावर पेन्सिलीची एक कमान. ती दुसऱ्या सुराच्या जरा अलीकडे सुरू होते आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या रिकाम्या जागेत विरते. भिंगातून पाहिली, खिडकीशी धरून पाहिली. बाबांनी विचारलं, "काय एवढं बघतोयस?" (ब्याण्णव पूर्ण झाली. कान गेलेत, बाकी ठणठणीत.) मी ओरडून सांगितलं, की सुरांवर अशी कमान असली तर तेवढे सूर हात न उचलता, सलग वाजवायचे. तिला स्लर म्हणतात. आता ही नेमकी कुठे संपते तेच कळत नाहीये. ते म्हणाले, "मग तू संपव की कुठेतरी."

मला आठवतं त्याप्रमाणे तुझ्या शाईच्या प्रतीत कमान चारही सुरांवर आहे. ती प्रत मला हवीय.

आणि लपवत नाही, ह्या कमानीत माझं आणखी एक घोडं अडकलंय. नोव्हेंबर १९८०. डिसेंबरातल्या ठाण्याच्या कार्यक्रमात 'ओहोटी' तू वाजवणार की मी, हे ठरायचं होतं. मी चौथ्या सुराआधी हात उचलायचो. तू कल्याणहून निरोप आणलास, "सर म्हणतात, मुकुल तिथे तोडतो." तू वाजवलंस. मी त्यानंतर पियानोला हात लावला नाही. मी खरंच तोडत होतो का, एवढं मला मरायच्या आधी कळलं तर बरं.

मुकुल


टिळकनगर, डोंबिवली
२१ जून २०२५

चि. मुकुल यास अनेक आशीर्वाद.

बासष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात अडखळला, पण तू वागतोसच तसा.

मूळ प्रत मी कोणाला देत नाही. झेरॉक्स जोडली आहे. १९८० च्या श्रावणात सरांनी मला वही आठ दिवसांसाठी घरी नेऊ दिली होती. आठही दिवस मी घरात कोणाला टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. वहीत जे होतं ते सगळं मी शाईने उतरवलं, एक टिंब माझ्या पदरचं नाही. प्रत सरांना नेऊन दाखवली तेव्हा ते पानं उलटत राहिले, सतराव्या बारपाशी थांबले आणि हसले. पाठीवर थाप मारली. सर कोणाच्या पाठीवर थाप मारत नसत, हे तुला सांगायला नको.

आता तुझा प्रश्न. कमान हाताने काढली की शेवटी थोडी हलतेच. सरांना चारही सूर सलग हवे होते, हे कोणालाही कळेल. शिवाय वही शाईची आणि कमान पेन्सिलीची, म्हणजे ती नंतर सुचलेली आहे. माणसाचा शेवटचा विचार तो खरा. आणि तुला मतंच मोजायची असतील तर प्रती तीन आहेत : सरांची वही, माझी प्रत आणि १९८५ साली सरांनी क्लासमध्ये वाटलेली प्रत. त्यांतल्या दोन प्रतींत कमान चारही सुरांवर आहे. निकाल लागला.

माझ्याकडे चाळीस वर्षांत दोनशेच्या वर मुलं शिकून गेली. सगळी तिथे सलग वाजवतात. डोंबिवलीत त्याला 'देवयानीबाईंचा हात' म्हणतात. आता तू भिंग घेऊन तो हात मोडायला निघाला आहेस.

१९८० चं म्हणशील, तर गाडलेली मढी उकरू नयेत. मामांना नमस्कार सांग. त्यांना उकडीची भाकरी आवडते, मऊ करून देत जा.

देवयानी


नौपाडा, ठाणे
८ जुलै २०२५

ती. ताईस नमस्कार.

झेरॉक्स मिळाली. अक्षर बघून जीव दडपला. पण १९८५ ची प्रत म्हणजे तुझ्याच प्रतीची झेरॉक्स आहे, बाई. तिसऱ्या पानावर तुझ्या पेनचा डाग पडलाय, तो तिच्यातही आहे. एकाच माणसाने दोनदा मत दिलं तर त्याला निकाल म्हणत नाहीत.

आता माझं ऐक. सर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. वहीतल्या शाईच्या सगळ्या कमानी त्यांनी फ्रेंच कर्व्हची वळणदार पट्टी ठेवून काढल्यात. एकूण एक कमान सुरावर सुरू होते आणि सुरावरच संपते. असा माणूस पेन्सिल हातात आली म्हणून कमान रिकाम्या जागेत सोडून देईल? मला तरी पटत नाही. म्हणून मी पेन्सिलीच्या सगळ्या कमानी शोधल्या. अकरा निघाल्या. काही दोन सुरांवर, काही अडीच सुरांवर, एक तर एकाच सुरावर. एका सुरावर स्लर कसा असेल? एकट्याने फुगडी खेळण्यातला प्रकार.

मग तक्ता केला. जन्मभर ट्रान्सफॉर्मरचे बिघाड शोधले, तीच सवय. आणि अकराव्या ओळीला अंगावर काटा आला. अकराही कमानींच्या खाली एक सूर सामाईक आहे. एफ शार्प. पियानोच्या मधोमधचा. तो जिथे जिथे येतो तिथे तिथे कमान आहे. दुसरीकडे कुठेही नाही.

हा योगायोग नाही. ह्याचा अर्थ मला लागत नाही, पण अर्थ आहे.

भाकरीचा निरोप बाबांना दिला. म्हणाले, "देवयानीला माझी आठवण आहे?" आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. वयामुळे असेल.

मुकुल


टिळकनगर, डोंबिवली
१७ जुलै २०२५

प्रिय मुकुल,

तुझं पत्र वाचलं आणि क्लास सोडून उठले. अरे, डोळ्यांसमोर असून चाळीस वर्षं मला दिसलं नाही! सी ला सा धरलं की एफ शार्प म्हणजे कोण? तीव्र मध्यम! सर संध्याकाळी कारखान्यातून आले की आधी रेडिओवर गाणं ऐकायचे आणि मगच पियानोला बसायचे. ती तीव्र मध्यमाची वेळ. 'ओहोटी'ही संध्याकाळचीच आहे. पाणी मागे जातं पण जाववत नाही, तसा तो सूर पुढे सरकायला तयार नसतो. कमान सूर जोडायला नाहीच. ती त्या एका सुराला कुशीत घेते. म्हणून ती सुरू कुठे होते आणि संपते कुठे, ह्याला अर्थच नाही. म्हणून एका सुरावरही ती चालते.

बघ, तुझा तक्ता आणि माझा कान एकत्र आले तेव्हाच हे कळलं. हे सगळं प्रस्तावनेत यायलाच हवं. सविस्तर लिही, कंजुषी करू नकोस.

वाजवायचं कसं ते मात्र ठरवावं लागेल. जानेवारीत वाजवणारी हेमांगी काल म्हणाली, "मॅडम, हात उचलू की नको ते एकदाचं फायनल करा ना. तुमच्या आणि त्या ठाण्याच्या काकांच्या नादात माझ्या मेंदूचं पार दही झालंय." ती एकोणीस वर्षांची आहे, तिला घाई आहे. मी सांगितलं, तीव्र मध्यमावर रेंगाळ, बाकी आपोआप होईल. ती म्हणाली, "रेंगाळू म्हणजे किती सेकंद?"

एखाद्या रविवारी जेवायला ये. खूप वर्षं झाली.

ताई


नौपाडा, ठाणे
२२ ऑगस्ट २०२५

ती. सरोजमावशींस मुकुलचा शि. सा. न.

वही नीट आहे, काळजी नसावी. सोबत 'ओहोटी'ची प्रस्तावना पाठवतो आहे, 'टिपणीसांचा तीव्र मध्यम'. मी आणि देवयानीताईने मिळून लिहिली आहे. पंचेचाळीस वर्षांत आम्ही मिळून केलेली ही पहिलीच गोष्ट. सरांच्या पेन्सिलीच्या कमानींमागचं रहस्य तिच्यात उलगडलंय. पहिल्या दोन पानांत थोडा जड भाग आहे, तो सोडून वाचलंत तरी चालेल.

सरांच्या सर्वांत जवळचं माणूस म्हणून तुम्ही शेवटी दोन शब्द लिहावेत, ही विनंती. चारसहा ओळी पुरेत.

आपला,
मुकुल


टिटवाळा
१० सप्टेंबर २०२५

चि. मुकुल यास सरोजमावशीचे आशीर्वाद.

तुझं लिखाण दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, आपला दादा एवढा थोर होता आणि त्याला जन्मभर चहा करून देणाऱ्या मला पत्ताच नाही. दुसऱ्यांदा वाचताना हसू आवरेना, चष्मा काढून ठेवावा लागला. रागावू नकोस हं.

अरे, त्या कमानी नव्हेत. त्या टोप्या.

कल्याणचं, पारनाक्याचं आमचं घर तुला आठवत असेल. तळमजला, भिंतीला ओल. पावसाळ्यात पियानोचं लाकूड फुगायचं आणि पट्ट्या अडकायच्या. दाबली की खालीच बसायची, वर येईना. ओल सुकावी म्हणून मी पियानोच्या आत दिवा लावून ठेवायचे, तर आग लागेल म्हणून दादा तो काढून टाकायचा. वाजवताना जी पट्टी अडकेल तिच्या सुरावर दादा पेन्सिलीने टोपी घालायचा. घाईत काढायचा, ती शेजारच्या सुरांवर जायची. दिवाळीआधी मुंबईहून ट्यूनर यायचा, त्याच्यापुढे वही धरून दाखवायचा, ह्या ह्या पट्ट्या बघा. ट्यूनर गेला की टोप्या खोडरबराने पुसायचं काम माझं. ऐंशी साली ती एक काळी पट्टी फार छळत होती आणि नेमका ट्यूनर आला नाही. म्हणून पुसायच्या राहिल्या.

देवयानीने त्या शाईने उतरवून आणल्या. ती गेल्यावर दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "पोरीने पियानोच्या दुखण्याचे दागिने केले." मी म्हटलं, सांग ना तिला, बिचारीने आठ दिवस खपून केलंय. तर म्हणाला, "वाजवून पाहिलं मी तसं. कानाला बरं लागतं. राहू दे." म्हणून राहिलं.

आता मी एक विचारू? तू यायचा का थांबलास रे? दादा विचारायचा, मुकुल दिसत नाही? मी म्हणायचे, बारावी आहे त्याची. बारावी झाल्यावरही विचारायचा. मग एक दिवस विचारायचा थांबला.

दोन शब्द म्हणून हेच घे, नको वाटलं तर छापू नकोस. देवयानीला सांगताना मात्र जपून सांग. तिने जन्म घातलाय त्यात.

सरोज टिपणीस


नौपाडा, ठाणे
१६ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,

मावशींनी 'जपून सांग' असं लिहिलंय. त्यांच्या पत्राची झेरॉक्स जोडून मी जपून सांगतो आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? तर आपला तीव्र मध्यम म्हणजे ओल धरलेलं लाकूड. पाणी मागे जायला तयार नव्हतं ते पट्टी अडकल्यामुळे. तीन पानांची प्रस्तावना मी पुसून टाकली. त्याला खोडरबरही लागला नाही.

ह्याचं मला हसू आलं असतं. खरंच आलं असतं. पण शेवटचा भाग पुन्हा वाच. सरांना माहीत होतं. ती कमान नाही, ती चूक आहे, हे श्रावणातच त्यांना पक्कं माहीत होतं. मी वाजवत होतो ते त्यांनीच लिहिलेलं होतं. एप्रिलमध्ये, पट्ट्या कोरड्या असताना, ते स्वतः चौथ्या सुराआधी हात उचलायचे, तसाच मी उचलायचो. आणि नोव्हेंबरात त्याच माणसाने मला 'मुकुल तिथे तोडतो' म्हणून काढून टाकलं. चुकीचं वाजवणारी निवडली आणि बरोबर वाजवणारा घरी बसवला. वर विचारायचे म्हणे, मुकुल दिसत नाही? स्वतःच दार लावायचं आणि आतून हाक मारायची!

मी सतरा वर्षांचा होतो, ताई. मला वाटलं माझ्या हातातच काहीतरी कमी आहे. जन्मभर वाटलं. शीला लग्नानंतर म्हणाली होती, घरात एक पियानो घेऊ या. मी तिला म्हटलं, मला येत नाही.

प्रस्तावना मी नव्याने लिहितोय. एकच पान. जे झालं ते सालासकट. शताब्दी आहे, लोकांना सर कळू देत. दिवाळीनंतर छपाईला जाईल. तुला काही म्हणायचं असेल तर त्याआधी म्हण.

मुकुल


(पोस्टकार्ड)
ठाणे, १० ऑक्टोबर २०२५

ताई, पत्र पोचलं का? हेमांगीचा फोन आला होता. म्हणाली, मॅडमनी आठवडाभर क्लास घेतला नाही. तब्येत बरी आहे ना? प्रस्तावना तयार आहे.

मु.


टिळकनगर, डोंबिवली
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

चि. मुकुल,

तब्येत बरी आहे. अकरा वेळा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. आज भाऊबीज, आज फाडणार नाही.

टोप्यांचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, दोन दिवस जेवण गेलं नाही. दोनशे मुलांना मी एका अडकलेल्या पट्टीचं दुखणं शिकवलं. पण सरांनी 'राहू दे' म्हटलं होतं, त्या दोन शब्दांवर मी उरलेलं आयुष्य काढीन. हे पत्र त्याबद्दल नाही.

मुकुल, तू तिथे तोडतोस असं सर कधीही म्हणाले नाहीत.

सरांनी तुला निवडलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी क्लास सुटल्यावर त्यांनी मला एकटीला थांबवून सांगितलं, "डिसेंबरात मुकुल वाजवेल. तू पुढच्या वर्षी." तुला ते पुढच्या रविवारी सांगणार होते. मी मान डोलावली आणि डोंबिवलीपर्यंत रडत आले.

पुढच्या रविवारी तू परीक्षेमुळे आला नाहीस आणि तुझे बाबा सरांकडे आले. मी तिथेच होते. मामा आत बसलेसुद्धा नाहीत, उंबऱ्यातच उभे राहिले आणि हात जोडले. म्हणाले, "मास्तर, पोरगा हुशार आहे. बारावीचं वर्ष आहे. ह्या वेळेपुरतं त्याला ह्यातून सोडवा. आणि मी येऊन गेलो हे त्याला कळू देऊ नका, तो माझं तोंड बघणार नाही." सरांनी पियानोचं झाकण लावलं. मग म्हणाले, "त्याला सांगू काय? मला खोटं बोलता येत नाही." मामांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "देवयानी सांगेल काहीतरी."

मी काहीतरी सांगितलं.

शंभर कारणं होती, मुकुल. सांगता आलं असतं की ह्या वर्षी मुलींना पुढे आणायचं ठरलंय. सांगता आलं असतं की माझा वाढदिवस आहे म्हणून मी हट्ट केला. पण मी तुझ्या हातावरच बोट ठेवलं. निवड तुझी झाली होती, माझी नाही, आणि तू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. 'मुकुल तिथे तोडतो' असं म्हणताना मला बरं वाटलं. मी पाच मिनिटांपुरती तरी मोठी झाले. सर तुझ्याबद्दल म्हणायचे ते निराळंच. ते म्हणायचे, "मुकुल तिथे श्वास घेतो."

मी काय सांगितलंय ते सरांना ठाऊक नव्हतं. मार्चनंतर तू येशील असं त्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. तू येईनास तेव्हा सांगायला हवं होतं. एक वर्ष गेलं, मग पाच गेली. मग तू दिसलास की मी जेवलास का एवढंच विचारायला लागले.

तेव्हा छापायचंच असेल तर माझं नाव छाप. सरांचं नको. मामांचंही नको, ते ब्याण्णव वर्षांचे आहेत. मी पासष्टची आहे, मला सोसेल.

ताई


नौपाडा, ठाणे
९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,

आधी कामाचं. पुस्तिका काल छपाईला दिली. प्रस्तावना नाही. मावशींचं पत्र आहे, मी का थांबलो ते विचारलंय तेवढा परिच्छेद गाळून. सतराव्या बारखाली बारीक टाइपात एक टीप आहे : 'येथील कमान देवयानी राजे यांच्या १९८० च्या प्रतीतली. संगीतकाराच्या वहीत ती पट्टी अडकल्याची खूण होती. संगीतकाराने ती ऐकली आणि राहू दिली.' तुझी कमान शाईची, चारही सुरांवर.

तू विचारशील, असं का? नातीचा कीबोर्ड आहे घरी, प्लॅस्टिकचा. दार लावून बसलो आणि ते चार सूर वाजवले. पंचेचाळीस वर्षांनी. बोटं लाकडासारखी झालीत, पण चार सूर आले. माझ्या पद्धतीने वाजवले, तुझ्या पद्धतीने वाजवले. तुझं जास्त बरं लागतं. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

तुझ्यावर मी रागावलोय. किती दिवस रागावणार ते माहीत नाही, हिशेब लांबचा आहे. कार्यक्रमाला येईन. पुढची खुर्ची ठेवू नकोस.

आता बाबांचं. मी विचारणार नव्हतो. तू लिहिलंस तसं, ब्याण्णव वर्षं. चार दिवस त्यांना वाढलं, औषध दिलं, पेपर वाचून दाखवला. पाचव्या दिवशी राहवलं नाही. हळू विचारायची सोय नाही, त्यामुळे शेजारच्या बिऱ्हाडालाही सगळं कळलं असणार. मी ओरडलो, "बाबा, ऐंशी साली तुम्ही टिपणीस सरांकडे गेला होतात?"

मला वाटलं, त्यांना आठवणार नाही. किंवा ते नाही म्हणतील. त्यांनी घास खाली ठेवला आणि लगेच म्हणाले, "हो." जणू पंचेचाळीस वर्षं कोणी विचारील म्हणून वाट बघत होते. मग म्हणाले, "बारावीला किती पडले होते तुला?"

मी म्हटलं, "ब्याऐंशी."

ते म्हणाले, "मग?"

ताई, चौतीस वर्षांची नोकरी, हा फ्लॅट, पोरांची शिक्षणं, त्यांच्या पुढ्यातलं ताट, सगळं त्या 'मग'मध्ये होतं. ते खोटं बोलत नव्हते. जे नव्हतं ते त्यांना दाखवणार कसं? नसलेल्या गोष्टीला टक्के पडत नाहीत.

डोळे भरून आले. लपवायच्या आधी त्यांनी पाहिलं. म्हणाले, "सर्दी झाली का रे? वाफ घे."

मी पाणी गरम केलं. टॉवेल डोक्यावर घेतला आणि बराच वेळ तसाच बसलो. ते बाहेरून विचारत होते, "बरं वाटतंय का?" मी आतून ओरडून सांगितलं, "हो बाबा."

मुकुल